लगेज डबा आणि विजेचा टेम्पो

(वसई, भिवंडी आणि उत्तन परिसरातल्या गटांची एकत्र बैठक भाईंदरला झाली. त्यात आपल्या वाहतूक समितीच्या ताईंनी केलेलं हे भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्या भगिनींसाठी ते बोलले तसंच इथे दिलं आहे.)

मागे दाराशी उभ्या आहात त्यांनी आत या, पुढे सतरंजीवर जागा आहे.

मला सांगितलंय की विजेवरची मालवाहतूक आणि त्यातलं डिजिटल तंत्रज्ञान यावर बोला. विषयाचं नाव ऐकूनच घाम फुटला होता. मी दहावी शिकलेली. पारोळच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे, कारली, दुधी, वांगी करतो. गेली सहा वर्षं आमच्या ग्रामसंघाच्या वाहतुकीची वही माझ्याकडे असते. कोणाचे किती क्रेट, कुठल्या गाडीत चढले, कुठे उतरले, भाडं किती झालं, एवढंच त्या वहीत. पण ती वही वाचता वाचता मला काही गोष्टी कळल्या, त्या सांगते.

सध्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात विजेचा टेम्पो बसलाय. महासंघाकडे त्यासाठी कर्जाचे अर्ज येताहेत. रस्त्यावर हिरव्या पाटीच्या, त्यावर पिवळे आकडे असलेल्या तीनचाकी मालगाड्या दिसतात, आवाज नाही, धूर नाही. पिवळा आकडा म्हणजे भाड्याची गाडी, पांढरा असेल तर घरची. ते बघून वाटतं, डिझेलचा खर्च गेला की पैसाच पैसा. म्हणून आज मला दोन गोष्टी बोलायच्यात. ही गाडी कधी परवडते आणि कधी नाही, ही एक. आणि गाडी, कर्ज नि त्यासोबत येणारा तो फोनमधला सगळा कारभार कोणाच्या हातात राहतो, ही दुसरी.

पण आधी एक सांगू का? विजेवर माल न्यायची सवय आपल्याला टेम्पोवाल्या कंपन्यांनी लावलेली नाही. बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत विजेची लोकल आली ती 1936 साली. तेव्हापासून वसईच्या बायका भाजी, फुलं, केळी घेऊन विजेच्याच गाडीतून मुंबईला जाताहेत. आमच्या सासूबाई लगेजच्या डब्यात हारे ठेवून त्यावरच बसायच्या, भाईंदरला उतरायच्या. माल विकून दुपारच्या गाडीने परत. त्यांना कोणी म्हटलं नाही की तुम्ही पर्यावरण वाचवताय. आणि आजही, ताईंनो, एक टोपली भाजी नालासोपाऱ्याहून भाईंदरला न्यायची तर लगेज डब्याएवढं स्वस्त काही नाही. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर घरंगळतं, त्याला रबरी टायरपेक्षा फार कमी जोर लागतो. शिवाय हजारो माणसं त्याच गाडीत, तुमची टोपली तर तिला कळतही नाही.

म्हणून माझा पहिला नियम असा की जो माल डोक्यावरून स्टेशनपर्यंत आणि लगेज डब्यातून बाजारापर्यंत जाऊ शकतो, त्याच्यासाठी टेम्पो घेऊ नका. पंधरा क्रेट असतील, बर्फातली मासळी असेल, स्टेशन लांब असेल, तेव्हा टेम्पो. कधी कधी घरापासून स्टेशनपर्यंतच गाडी लागते, पुढे रेल्वे आहेच.

दुसरा रस्ता पाण्याचा. वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला येणारी रो-रो बोट 20 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाली. वसई पश्चिमेच्या भगिनींना ती पाठ आहे, आम्ही महामार्गाकडच्या, आम्हाला उशिरा कळली. रस्त्याने वसईहून भाईंदरला यायचं तर हायवेवर जा, वर्सोवा पूल ओलांडा, काशिमीऱ्याला वळा, असे पस्तीस-अडतीस किलोमीटर होतात. पाण्यातून साडेतीन. रिक्षा, टेम्पो बोटीवर चढतात. तीस किलोमीटर वाचले की डिझेल असो नाहीतर वीज, ती जाळावीच लागत नाही. कुठल्याही बॅटरीपेक्षा ही बचत मोठी आहे. वसई गावातल्या एका गटाने विजेचा टेम्पो घ्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, आधी बोटीचं वेळापत्रक आणि तुमच्या बाजाराची वेळ जुळते का ते बघा. जुळत असेल तर तुम्हाला छोट्या बॅटरीची गाडी चालेल, आणि छोटी बॅटरी म्हणजे छोटं कर्ज.

आता माझी फजिती सांगते. हसायचं तर हसा.

ठाण्याला प्रदर्शन होतं. आमच्या गटाचं लोणचं, पापड, कुळथाचं पीठ, शिवाय त्याच दिवशी भाईंदरच्या दुकानदाराला द्यायची भाजी. एकांकडून विजेची तीनचाकी दिवसाच्या भाड्याने घेतली. ते म्हणाले, एका चार्जिंगमध्ये सव्वाशे किलोमीटर जाते. मी मनात हिशेब केला. आमच्याकडून भाईंदर, भाईंदरहून घोडबंदर रोडने ठाणे, आणि तसंच परत घरी. शंभरच्या आसपास. म्हटलं, झालं की काम.

जाताना काही नाही. प्रदर्शनाच्या ठिकाणी चार्जिंगला वायर लावू दिली नाही, तेव्हाही मी निवांत. परत निघालो. न विकलेला माल होता, त्यात दोघी ओळखीच्या बायकांनी त्यांच्याही पेट्या टाकल्या, मी नाही म्हटलं नाही. गायमुखच्या चढाला लागलो आणि समोरच्या काचेवरचा आकडा भराभर उतरायला लागला. चौदा, अकरा, आठ. गाडी आधी हळू झाली, मग कासवासारखी, मग थांबली. रात्रीचे साडेनऊ. मागे ट्रकांचे हॉर्न. चार बायका आणि लोणच्याच्या बरण्या. शेवटी दुसऱ्या टेम्पोने ओढत नेलं, त्याचं भाडं त्या दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त झालं.

भाड्याने देणाऱ्यांवर मी चिडले होते. पण नंतर नीट बघितलं तेव्हा कळलं की कागदावर सव्वाशे लिहिलेलंच होतं. तो आकडा ठरलेल्या पद्धतीच्या चाचणीतला असतो. आपला रस्ता चाचणीचा नाही. आपल्या रस्त्यात घाट आहे, खड्डे आहेत, आणि आपण गाडी काठोकाठ भरतो. बाजारात मिळणाऱ्या एका नेहमीच्या तीनचाकी मालगाडीची बॅटरी साधारण साडेसात युनिटची असते आणि भार साडेपाचशे किलोपर्यंत. तिचा कागदावरचा पल्ला सव्वाशेच्या आसपास, पण भरलेल्या गाडीने रोजच्या रस्त्यावर ऐंशी धरून चाला. आणि त्यातलेही पंधरा-वीस किलोमीटर हाताशी ठेवा, जसं आपण पगार झाला तरी डब्यात तळाशी काही ठेवतो. चारचाकी छोट्या हत्तीची विजेवरची गाडी 2022 मध्ये आली. तिची बॅटरी 21.3 युनिटची, भार 600 किलो, कागदावर 154 किलोमीटर. तिथेही हाच नियम लावा.

आता ही गाडी मुळात कमी ऊर्जेत का चालते, तेही सांगते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेएवढी ऊर्जा असते. पण इंजिनात ते जाळलं की दहातले जेमतेम तीन भाग चाकापर्यंत पोचतात. बाकीचं गरम बॉनेट, गरम धूर नि धडधड. चुलीवर भाकरी करताना बाहेरच्या बाजूला जाणारी आच आठवा, तसंच. विजेच्या मोटरीत बॅटरीतल्या दहातले आठ-नऊ भाग चाकाला मिळतात. काशिमीऱ्याच्या सिग्नलला गाडी अडकली की डिझेलचं इंजिन जळत राहतं, मोटर गप्प उभी असते. आणि उतारावर मोटर उलटी वागते, चाक तिला फिरवतं आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. चढावर गेलेली सगळी परत येत नाही हं, थोडी येते. गायमुखला मला ती मिळालीच नाही, कारण उतार लागायच्या आधीच आमचं संपलं होतं.

धुराचं म्हणाल तर एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोच्या वर, जवळजवळ 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेच्या गाडीच्या मागून काही निघत नाही. पण मी खोटं बोलणार नाही, वीज कुठून तरी येतेच. आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणूला कोळशावरचं औष्णिक केंद्र आहे, अडीचशे-अडीचशे मेगावॉटचे दोन संच. म्हणजे भाईंदरच्या बाजारात धूर नाही, तर डहाणूच्या चिमणीतून आहे. तरीही मोटर एवढी काटकसरी आहे की एकूण हिशेब कमीच भरतो. पण रिकामी गाडी फिरवली तर डहाणूचा कोळसा उगाच जळला. म्हणून पुन्हा तेच, फेरी भरलेली हवी.

पैशाचा हिशेब करू. वही-पेन असेल तर काढा. आकडे मी समजा म्हणून धरते, तुमच्या तालुक्यातले तुम्ही घाला.

समजा गाडी चार लाखांची. आपले दहा टक्के, म्हणजे चाळीस हजार. बाकी तीन लाख साठ हजार कर्ज, बारा टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. हप्ता येतो साधारण साडेनऊ हजार रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस गाडी चालली तर रोजचे 380. चालवणारीला रोजचे 600 धरा. ती तुमचीच बहीण असली तरी धरा, तिचे कष्ट फुकट नाहीत. चार्जिंगचे 80. विमा, टायर, देखभाल मिळून 140. झाले बाराशे रुपये रोज.

आता गाडीत वीस क्रेट भरले तर एका क्रेटला साठ रुपये. आठच क्रेट असतील तर एका क्रेटला दीडशे. गाडी तीच, वीज तीच, चालवणारी तीच. दीडशे रुपये क्रेटला देऊन कारली विकायची तर त्यापेक्षा घरी भाजी केलेली बरी.

बघा, बाराशेत विजेचे फक्त ऐंशी आहेत. इंधन स्वस्त झालं एवढ्यावर आपण भुलतो, पण हप्ता आणि मजुरी गाडी रिकामी असली तरी चालूच राहतात. डिझेलची जुनी गाडी उभी राहिली तर डिझेल वाचतं. कर्जावरची विजेची गाडी उभी राहिली तर काहीच वाचत नाही. म्हणून ज्या गटाकडे रोजचा माल आहे त्यांनाच ती परवडते. आठवड्यातून एकदा बाजार करणाऱ्यांना नाही.

आणि परतीचं काय? आमच्या वहीत मी जाण्याचं लिहायचे, येण्याचं रकानाच नव्हता. एकदा सहज लिहायला लागले तर काय दिसलं, की भाईंदरहून गावाकडे गाडी रोज रिकामी येतेय. रिकामे क्रेट आणि दोन झोपलेल्या बायका. इकडे आपल्याच गावातले किराणा दुकानदार वेगळं भाडं भरून माल आणतात. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, आपल्या तालुक्यातले भांडीवाले तिथूनच उचलतात. त्यांतल्या दोघांशी बोलले. परतीला तीनशे रुपये मिळाले तरी बाराशेचे नऊशे होतात, आणि वीस क्रेटला साठचे पंचेचाळीस. हे पंधरा रुपये कुठल्या नव्या यंत्राने दिले नाहीत, वहीच्या एका रकान्याने दिले.

डिजिटल डिजिटल म्हणतात ते हेच आहे, ताईंनो, पण वहीपेक्षा वेगाने. मोठ्या कंपन्यांच्या गोदामात संगणक बसून ठरवतो की कुठला खोका कुठल्या गाडीत, कुठल्या क्रमाने उतरवायचा, म्हणजे गाडी वाकडी फिरणार नाही आणि रिकामी येणार नाही. आपण काय करतो? एकाच पहाटे आमच्या गावातून तीन रिक्षा भाईंदरला जायच्या. तिन्ही अर्ध्या. कारण शेजारणीला शेजारीण कधी जाणार हे माहीतच नाही.

आता आम्ही असं करतो. व्हॉट्सॲपवर एक गट आहे, त्यात फक्त मालाचं बोलायचं. सुप्रभात नाही, देवाचे फोटो नाहीत, त्याला दुसरा गट आहे. रात्री आठच्या आत प्रत्येकीने लिहायचं किंवा आवाज पाठवायचा: काय माल, किती क्रेट, कुठून चढणार, कुठे उतरणार. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी आवाज पुरतो. सव्वाआठला मी बेरीज करते. बारा क्रेटच्या वर असेल तर गाडी सांगते. कमी असेल तर दुसऱ्या गावच्या ताईला फोन करते, ते जोडता आलं नाही तर लगेज डबा. सकाळी गाडी निघाली की चालवणारी तिचं ठिकाण फोनवर सगळ्यांना दाखवते, त्यामुळे फाट्यावर तासभर उन्हात उभं राहावं लागत नाही. नकाशावर लाल पट्टा दिसला की कळतं वर्सोवा पुलाला गर्दी आहे, मग दहा मिनिटं उशिरा निघायचं. याला कुठलंही महागडं ॲप लागलं नाही.

विजेची गाडी घेतली की तिचं स्वतःचं ॲप येतं. त्यात गाडी कुठे आहे, किती टक्के चार्ज आहे, किती वेगाने चालवली, झटके दिले का, सगळं दिसतं. चांगली सोय आहे. एकच गाडी, तोच रस्ता, पण झटक्यात पळवणारीची बॅटरी लवकर उतरते आणि सावकाश चालवणारीची पुरते. हे भांडण न करता आकड्यावर दाखवता येतं. बॅटरीची वॉरंटी मागायला गेलात तरी हीच माहिती उपयोगी पडते.

आणि इथेच आता मला जे खरं बोलायचंय ते येतं. थोडं कडू आहे, राग मानू नका.

गाडीचं कर्ज गटातून काढलं ते कोणी? आपण. दर महिन्याला बैठकीत सही कोण करतं? आपण. गाडी कोणाच्या नावावर? इथे हात वर करायला सांगत नाही. गेल्या खेपेला एका गावात विचारलं तेव्हा सगळ्या खाली बघायला लागल्या. गाडी नवऱ्याच्या नावावर, विमा दिराच्या नावावर, आणि कर्ज बाईच्या.

पूर्वी एवढंच होतं. आता त्यात फोन आला. केंद्र सरकारची पीएम ई-ड्राइव्ह योजना 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली, तिच्यात तीनचाकी मालगाड्यांनाही अनुदान ठेवलं. ते रोख हातात येत नाही, गाडीच्या किमतीतच कमी होतं. त्यासाठी आधारची पडताळणी होते आणि खरेदी करणाऱ्याच्या मोबाईलवर ई-व्हाउचर येतं, त्यावर सही करून ते विक्रेत्याला द्यायचं. म्हणजे ज्याचं आधार, ज्याचा मोबाईल, त्याची खरेदी. तिथे नवऱ्याचा नंबर दिला की गाडीचा जन्मच त्याच्या नावाने झाला. (अनुदान किती आणि तुमच्या गाडीला अजून मिळतं का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. अशा योजनांमध्ये गाड्यांचा आकडा ठरलेला असतो, तो भरला की बंद.)

मग गाडीचं ॲप. ते कोणाच्या फोनमध्ये? मुलाच्या. का? कारण त्याला कळतं. ओटीपी त्याच्याकडे, चार्जिंगचे पैसे त्याच्या खात्यातून, गिऱ्हाईकाचं भाडं त्याच्या यूपीआयवर. सहा महिन्यांनी बाईला विचारलं की गाडीने किती कमावलं, तर ती म्हणते पोराला विचारते. अगं, कर्ज तुझं आहे! पोरं चांगली आहेत, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण उद्या त्याचं लग्न झालं, तो दुसरीकडे गेला, फोन हरवला, तर हप्ता बैठकीत तूच भरणार आहेस. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, गाडी त्याची, असं धरून चाला आणि मग नंबर कोणाचा द्यायचा ते ठरवा.

आमच्या गटाने ठरवलंय की गाडीच्या कामासाठी एक वेगळा साधा स्मार्टफोन आणि वेगळं सिम, गटाच्या अध्यक्ष किंवा सचिवांच्या नावावर. पद बदललं की फोन पुढच्या बाईकडे. पैसे गटाच्याच खात्यात. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर नको, दोघींच्या डोक्यात हवा.

अजून एक बारीक अक्षरातली गोष्ट. कर्ज देणाऱ्यांच्या काही करारांत अशी अट असते की हप्ता थकला तर गाडी दूरवरून बंद करता येईल. कोणी माणूस यावा लागत नाही, तिकडून बटण दाबलं की इकडे गाडी उभी. विचार करा, हायवेवर मासळी भरलेली गाडी आणि ती सुरूच होत नाही. सही करण्याआधी मराठीत वाचून मागा. विचारा की बंद करण्याआधी किती दिवसांची सूचना देणार, कोणाच्या फोनवर देणार, आणि भरलेली गाडी वाटेत असताना बंद करणार का. उत्तर तोंडी नको, लिहून हवं. महासंघाकडे करार आणा, आपण एकत्र बसून वाचू, तेवढ्यासाठीच मी समितीत आहे.

आता वेळ कमी आहे, तुम्ही चिठ्ठ्यांवर विचारलेलं पटापट घेते.

एकीने विचारलंय, पिंक ई-रिक्षा योजनेतून टेम्पो मिळेल का. नाही. ती योजना प्रवासी रिक्षासाठी आहे. राज्य सरकार किमतीच्या वीस टक्के देतं, दहा टक्के आपण, सत्तर टक्के बँकेचं कर्ज. ज्या भगिनींना प्रवासी वाहतूक करायची आहे त्यांनी तुमच्या जिल्ह्यात ती चालू आहे का हे महिला व बालविकास कार्यालयात विचारावं. पण तिच्यात क्रेट भरून पळवू नका, अपघात झाला तर विमा हात वर करेल.

लायसन्सबद्दल विचारलंय. छोट्या चारचाकी टेम्पोसाठी आता वेगळं व्यावसायिक लायसन्स लागत नाही. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल तर गाडी चालवायचं साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2024 ला तसं स्पष्ट सांगितलंय. तीनचाकीची नोंद मात्र लायसन्सवर वेगळी बघा. आणि बॅटरीवरच्या गाड्यांना 2018 पासून परमिटची सक्ती नाही. परमिट काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर त्याला आधी चहा पाजा, मग घरी पाठवा. कागद मात्र सगळे हवेत, नोंदणी, विमा, फिटनेस.

उत्तनच्या मावशींनी विचारलंय की मासळीचं पाणी नि खारी हवा बॅटरीला चालेल का. मावशी, बॅटरी बंद पेटीत असते, पावसाला तशी घाबरत नाही. पण बर्फाचं खारं पाणी रोज खाली गळत राहिलं तर पत्रा, नट-बोल्ट, वायरींची जोडणी गंजते. तुमच्याकडे डिझेलचे टेम्पो कसे खालून खातात ते तुम्हीच बघितलंय. मागच्या भागात नीट ट्रे बसवा, पाणी एका नळीने बाहेर काढा, आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा पाइप थेट जोडणीवर मारू नका. चार्जिंगची जागा ओट्यावर, उंचावर. पंधरा अँपियरचा पॉइंट, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, टीव्हीच्या एक्स्टेंशनवर गाडी चार्ज करायची नाही. लांबून आल्याआल्या लगेच वायर लावू नका, बॅटरी जरा निवू द्या. आणि मासळी सुकवता त्या अंगणात चार्जिंगची वायर पसरू नका, पोरं खेळतात तिथे.

लेड-ॲसिडची स्वस्त गाडी घ्यावी का, असंही एकीने विचारलंय. मी नाही घेणार. किंमत कमी, पण ती बॅटरी जड असते, तेवढा माल कमी भरता येतो, आणि रोज पूर्ण उतरवली तर लवकर बसते. मग नवी बॅटरी घ्यायला पुन्हा कर्ज. लिथियमची घ्या, आणि बॅटरीवर किती वर्षं, किती किलोमीटरची वॉरंटी आहे ते बिलावर लिहून घ्या.

शेवटची चिठ्ठी आहे: "ताई, मग तुमच्या गटाने गाडी घेतली का?"

नाही घेतली. तीन महिने वही भरली. मंगळवारी आणि शुक्रवारी आमचा माल वीस क्रेटच्या वर जातो, बाकीच्या दिवशी आठ-दहा. म्हणून सध्या त्या दोन दिवशी विजेची गाडी भाड्याने घेतो, घाटात नेत नाही, भाईंदरला पोचल्यावर मालकाच्या जागेवर दोन तास चार्ज करून परत निघतो. बाकी दिवस लगेज डबा. शेजारच्या दोन गावांचा माल जोडला तर आठवड्यातले पाच दिवस भरतील असं वाटतंय. त्या दोन्ही गावच्या भगिनी इथे बसल्या आहेत. जेवणानंतर आपण तिघी गावं मिळून मागच्या खोलीत बसू, आपापल्या वह्या घेऊन या. ज्यांनी अजून वही केलेली नाही त्यांना मी कोरी देते, त्यात परतीचा रकाना मी आधीच आखून ठेवलाय.